नणंदेची डबी आणि सासूबाईंची डबी

प्रश्न : देवगड तालुक्यातल्या एका ४४ वर्षांच्या वाचक भगिनीचं सहा पानी पत्र आहे. घरात त्या, यजमान, सासूबाई आणि १४ वर्षांची पुतणी. यजमानांची हापूसची कलमं आहेत, आणि रोज एक बंडल बिडी लागते. मोठ्या जाऊबाई, म्हणजे पुतणीची आई, दोन वर्षांपूर्वी ४७ व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. तेव्हापासून घर धास्तावलेलं आहे. डोंबिवलीच्या मोठ्या नणंदबाई 'अँटिऑक्सिडंट' कॅप्सूल, म्हणजे पेशींची झीज रोखतात म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोळ्या, विकतात. एका डबीला २,८५० रुपये, डबी महिनाभर पुरते. चौघांचे महिन्याला ११,४०० होतात. गणपतीत येऊन त्या एक डबी ठेवून गेल्या, 'कॅन्सर दारात उभा राहणार नाही' असं सांगून. सासूबाईंनी ती सुरू केली आहे, कारण दीड-दोन महिने त्यांना तिखट झोंबतं आणि नणंदेच्या मते ती व्हिटॅमिनची कमतरता आहे. सासूबाई पन्नास वर्षं मशेरी लावतात. हल्ली भाजताना त्यांना ठसका लागतो म्हणून पत्र लिहिणाऱ्या ताईच ती भाजून देतात. त्या विचारतात : "एवढे पैसे आणू कुठून? पण घेतल्या नाहीत आणि उद्या कुणाला काही झालं तर मी तोंड कसं दाखवू? निदान स्वस्तातल्या कुठल्या गोळ्या चालतील ते तरी सांगा."

उत्तर :

ताई, कॅप्सूलचं नंतर बोलू. आधी सासूबाईंचं तोंड.

तिखट झोंबतं हे तुम्ही चौथ्या पानावर, करप्याची फवारणी आणि सोसायटीचं कर्ज यांच्या मधे कुठेतरी, जाता जाता लिहिलंय. माझी नजर तिथेच अडकली. बी गटातली जीवनसत्त्वं कमी पडली की जीभ लाल होते, चरचरते, हे खरं. पण पन्नास वर्षं मशेरी लावणाऱ्या बाईच्या बाबतीत हे कारण सगळ्यात शेवटी धरायचं, सगळ्यात आधी नाही. उद्या सकाळी उजेड चांगला असेल तेव्हा त्यांना पडवीत बसवा. चूळ भरायला लावा, कवळी असेल तर काढायला सांगा. गालाच्या आतली बाजू, खालचा ओठ उलटून हिरडीची कड, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा बघा. मशेरीचं बोट रोज जिथे टेकतं ती जागा नीट बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, कडा टणक झालेली जखम, बोटाला लागणारी गाठ यांपैकी काही आहे का? तोंड पूर्वीइतकं उघडतं का?

दिसलं तर जायचंच, पण काही दिसलं नाही तरी याच आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवायची, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक घराला पाठ हवा. डॉक्टर कदाचित छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. 'तुकडा काढला की पसरतो' असं वाडीत कुणी ना कुणी म्हणेलच. तसं होत नाही. उशीर केला की मात्र पसरतो. आणि घाबरूनही जाऊ नका. असे बरेचसे चट्टे कॅन्सरचे नसतात, आणि असला तरी लवकर कळला तर तोंडाच्या कॅन्सरवर चांगले उपचार आहेत.

तोवर त्यांची कॅप्सूल बंद. याला कारण आहे. केरळमध्ये तंबाखू खाणाऱ्या मच्छीमार स्त्री-पुरुषांवर एक प्रयोग झाला होता, १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांसाठी काहींना जीवनसत्त्व अ दिलं, काहींना बीटा कॅरोटीन, काहींना नुसतीच गोळी. जीवनसत्त्व अ घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचे चट्टे गेले, बीटा कॅरोटीनवाल्यांपैकी एक तृतीयांश लोकांचे. वाचून कुणालाही वाटेल, झालं, सापडलं औषध. गोळ्या थांबवल्या, आणि बरे झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे चट्टे परत आले. गोळीने चट्टा झाकला जातो, पण मूळ तिथेच राहतं. सासूबाईंची आग कॅप्सूलने कमी झाली असती, तर तुम्ही सगळे निर्धास्त होऊन आणखी सहा महिने थांबला असतात. मला भीती त्याची वाटते.

आता नणंदबाईंची डबी. तुम्ही लेबलाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मी चष्मा लावून दोनदा वाचलं. पुढच्या बाजूला हिरवं पान, डाळिंब आणि पेशींची ढाल. मागच्या बाजूला बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट, सेलेनियम आणि जस्त ही खनिजं. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात : 'औषधी वापरासाठी नाही'. कॅन्सर हा शब्द डबीवर कुठेच नाही. असणारही नाही, कारण हे उत्पादन अन्न म्हणून विकलं जातं, त्यावरचा परवाना अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा आहे. आणि कॅन्सर बरा करतो किंवा टाळतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. 'दारात उभा राहणार नाही' हे वाक्य कंपनी छापत नाही. ते नणंदबाईंच्या तोंडी आणि व्हॉट्सॲपवर असतं.

त्या लेबलातला पहिला घटक तुमच्या यजमानांसाठी धोक्याचा आहे. बीटा कॅरोटीन म्हणजे आंबा, गाजर, लाल भोपळा यांचा केशरी रंग, शरीर त्यापासून जीवनसत्त्व अ बनवतं. १९८० च्या सुमाराला संशोधकांच्या लक्षात आलं की भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो. मग फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षं गोळ्या दिल्या : काहींना बीटा कॅरोटीन रोज २० मिलिग्रॅम, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. लोकांना वाटलं, हिशेबात चूक असेल. अमेरिकेत तसाच एक प्रयोग चालू होता, सिगारेट ओढणारे, ओढून सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामावरचे मिळून १८ हजारांवर लोक होते. तो १९९६ च्या जानेवारीत मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला. तिथे २८ टक्के जास्त.

यजमान बिडी ओढतात. त्यांना ही कॅप्सूल फुकट मिळाली तरी देऊ नका.

तुम्ही म्हणाल, मग आंबा पण वाईट का? नाही हो. गंमत अशी की फिनलंडच्या त्याच लोकांमध्ये, ज्यांच्या रोजच्या जेवणात मुळात बीटा कॅरोटीन जास्त होतं त्यांना कॅन्सर कमी झाला होता. ताटातलं चाललं आणि डबीतलं बाधलं. धुराने पोळलेल्या फुप्फुसात मोठ्या मात्रेतलं बीटा कॅरोटीन तुटून उलटं काम करायला लागतं, असं नंतर प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. दुसरं कारण साधं आहे. ज्याच्या ताटात रोज शेवग्याचा पाला आणि माठ असतो, तो माणूस बाकीही बऱ्याच गोष्टी वेगळ्या करत असतो. बिडी कमी ओढतो, घरचं जेवतो, चालतो. संशोधकाच्या कागदावर शेवगा उतरतो, अख्खं परसू उतरत नाही. मग आपण परसातून एकच पदार्थ उचलतो, कॅप्सूलमध्ये भरतो आणि म्हणतो, हाच तो.

दुसरा घटक व्हिटॅमिन ई, अगदी याच मात्रेत, ४०० युनिट. अमेरिका-कॅनडात ३५ हजारांवर पुरुषांना ते आणि सेलेनियम देऊन पाहिलं, प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का म्हणून. टळला नाही. २०११ मध्ये जे आकडे आले त्यात नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी वाढलेला होता. म्हणजे लेबलावरचे पहिले तीनही घटक ज्या कामासाठी विकले जातायत, त्याच कामासाठी मोठ्या प्रमाणावर तपासून झालेत आणि नापास झालेत.

हे सगळं मी उंच पाटावर बसून सांगत नाही. माझा दवाखाना तालुक्याच्या गावी होता, आणि नव्वदच्या दशकात मी स्वतः अँटिऑक्सिडंट कॅप्सूल लिहून दिल्या आहेत. मेडिकल प्रतिनिधी गुळगुळीत कागद ठेवून जायचा, पेशंटला रंगीत कॅप्सूल आवडायची, आणि मला वाटायचं, फायदा नाही झाला तर नाही, तोटा तर नाही ना. तुमच्या पत्रातही हेच वाक्य आहे, शब्द थोडे वेगळे. ते चुकीचं होतं हे कळायला मला काही वर्षं लागली. अहो, दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने कॅन्सरचे रोगी जास्त जगतात असं सांगत राहिले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने रोज १० ग्रॅम देऊन दोनदा पाहिलं, काही फरक पडला नाही.

उलट बाजूचंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फक्त सोयीचे दाखले निवडले. पन्नाशीपुढच्या साडेचौदा हजार पुरुष डॉक्टरांना अकरा वर्षं साधी मल्टिव्हिटॅमिन दिली, तर कॅन्सर थोडा कमी झाला : दरवर्षी हजारात १८ जणांना व्हायचा तो १७ जणांना. कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र म्हणण्यासारखे घटले नाहीत. चीनमध्ये लिनशियान भागात, जिथे लोकांच्या जेवणातच कमतरता होती, तिथे बीटा कॅरोटीन, ई आणि सेलेनियम एकत्र दिल्याने पाच वर्षांत मृत्यू थोडे घटले. जिथे खड्डा होता तिथे माती पडली. ज्याची जमीन सपाट आहे त्याच्या अंगणात तीच माती ओतून चिखल होतो. व्हिटॅमिन डीचंही असंच. २५ हजारांवर लोकांना रोज २,००० युनिट देऊन पाहिलं, कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही.

म्हणून 'स्वस्तातल्या कुठल्या गोळ्या चालतील' याला माझं उत्तर : कॅन्सर टाळायला कुठल्याच नाहीत. कमतरता असेल तर आहेत, आणि तिथे त्या जरूर घ्याव्यात. सासूबाईंचं बी-१२ तपासून घ्या, त्यातून त्या साखरेची मेटफॉर्मिन घेत असतील तर नक्कीच, कारण त्या गोळीने बी-१२ उतरतं. दिवसभर घरात असणाऱ्या बायकांना कोकणातल्या उन्हातही डी कमी पडू शकतं. पण त्याची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायची असते. ती रोज दुधातून घेऊन, रक्तात कॅल्शियम चढून, उलट्या करत आलेली माणसं पाहिली आहेत मी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्याने ई आणि के विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर कुठलंही अँटिऑक्सिडंट आपल्या मनाने घ्यायचं नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रोग्यांना रेडिएशनच्या वेळी व्हिटॅमिन ई दिलं तेव्हा गोळी चालू असेपर्यंत त्यांच्यात नवे कॅन्सर जास्तच निघाले. हे पत्र वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी केमो चालू असेल, तर नातेवाइकांनी आणलेल्या प्रत्येक डबीचा फोटो आपल्या डॉक्टरांना दाखवा.

ताटाबद्दल तुम्हाला मी काय शिकवणार! काजूच्या बोंडात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त व्हिटॅमिन सी असतं आणि आपण बी काढून बोंडं कलमाखाली कुजायला सोडतो. तारली-बांगडा स्वस्त म्हणून पाहुण्यांना वाढायला लाजतो, पण डी आणि ओमेगा-३ त्यातच आहे. पेरू, टाकळा, शेवगा, कुळीथ. एवढं पोटात जात असेल तर अँटिऑक्सिडंटचा विषय संपला. यातल्या कशाने कॅन्सर होणारच नाही असं मात्र मी लिहून देणार नाही.

आता जाऊबाई. पत्रभर त्यांची सावली आहे, आणि ती चुकीच्या माणसांवर पडली आहे. जाऊबाईंचा आजार तुमच्या रक्तात नाही, यजमानांच्या नाही, सासूबाईंच्याही नाही. त्या या घरात लग्न होऊन आल्या होत्या. काळजी करायची तर ती एकाच मुलीची, तुमच्या पुतणीची. तिला गोळ्या नकोत. तिच्या आईचे रिपोर्ट, बायोप्सीचा कागद, सगळं एका फाइलमध्ये जपून ठेवा. ती अठरा-वीस वर्षांची झाली की कॅन्सरच्या डॉक्टरांना ती फाइल दाखवून अनुवांशिकतेची चाचणी लागते का ते विचारा. साधारण नियम असा की आईला ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधीपासून मुलीची तपासणी सुरू करतात. आणि तिचं वय आता १४ आहे तेवढ्यात एचपीव्हीची लस द्या. ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची आहे, स्तनाच्या नव्हे. किती डोस लागतील ते वयावर ठरतं, ते डॉक्टरांना विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस आल्यापासून ती परदेशी लशीपेक्षा स्वस्त पडते. तुमच्या ११,४०० मधून हा खर्च आधी करा.

तुमचं स्वतःचं काय? सहा पानांत तुम्ही सगळ्यांची काळजी केलीत, आपल्या तपासणीबद्दल एक ओळ नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, तुमच्या आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो. गर्भाशयमुखाच्या तपासणीत सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच म्हणा ना, लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरं काही उमटतं का बघतात. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायकांना हे काम शिकवलं, दीड लाख बायकांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. वर सांगितलेली एकही कॅप्सूल याच्या जवळपास पोचलेली नाही. पण व्हिनेगरला ना हिरवं पान, ना ढाल, आणि ते विकायला कुणाची नणंद येत नाही.

यजमानांची बिडी तुम्ही सोडवू शकणार नाही, ती त्यांनाच सोडावी लागेल. १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत नंबर कलमांच्या हिशेबाच्या वहीवर लिहून ठेवा आणि एकदाच सांगा. रोज सांगितलं की माणूस मांगरात जाऊन ओढतो.

नणंदबाईंशी भांडू नका. बहुधा त्यांच्या कपाटात अशा वीस डब्या पडून असतील आणि त्यांचे पैसे त्यात अडकले असतील. शिवाय त्यांनाही भावजय गेल्याचं दुःख आहेच, आणि काहीतरी हाती धरावं असं त्यांनाही वाटतंय. "वन्सं, डॉक्टरांनी लेबल बघून सांगितलं, बिडी ओढणाऱ्याला यातलं एक औषध बाधतं, म्हणून आम्ही घेत नाही," एवढंच म्हणा. 'डॉक्टरांनी सांगितलं' हे खुशाल माझ्यावर ढकला. वर, त्यांनीही तपासणी करून घेतली का ते विचारा. भाऊबीजेला येतील तेव्हा दोघी मिळून जा.

राहिली सासूबाईंची डबी. 'माझ्या आवशीन जल्मभर मशेरी लावल्यान, नव्वद वर्सां जगली' असं त्या म्हणतात. असतील जगल्या, पण ज्या नाही जगल्या त्यांच्या सुना मला पत्र लिहीत नाहीत. पूर्वी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी खेड्यापाड्यांतल्या ३६ हजारांवर तंबाखूवाल्यांना वर्षानुवर्षं नुसतं समजावलं. ज्यांनी सोडली-कमी केली त्यांच्या तोंडात पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण घटलं. पन्नास वर्षांनंतरही सोडण्याचा उपयोग होतो. पहिला आठवडा वाईट जाईल : डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही, 'दात सळसळतात' म्हणतील. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट आणून ठेवा, बडीशेप ठेवा. सुपारी मात्र देऊ नका. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कॅन्सरकारक ठरलेली आहे.

आणि ताई, तवा. तो विषय मला टाळता आला असता. त्यांना ठसका लागतो म्हणून तुम्ही दर पंधरा दिवसांनी चुलीवर तंबाखू काळी होईपर्यंत भाजता, खलता, डबी भरून त्यांच्या उशाशी ठेवता. हे तुम्ही मायेने करता, यात तुम्हाला अपराधी ठरवायचं नाही. पण कॅप्सूल घेतली नाही तर तोंड कसं दाखवू असं विचारताय म्हणून सांगते, त्या प्रश्नाचा धागा कॅप्सूलच्या डबीशी नाही, या तव्याशी आहे. दंतवैद्याकडून परत येताना, एसटीत शेजारी बसल्या असताना, सरळ सांगा : "आई, यापुढे मी भाजणार नाही." लपवाछपवी नको, तंबाखू संपली असं खोटं नको. त्या दोन दिवस बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा मागतील.

दंतवैद्य काय म्हणाले ते कळवा. पत्रावर नुसतं 'तिखट झोंबतं' लिहिलंत तरी मला कळेल कुणाचं ते.